दहापैकी सहा मार्क

ग्रँपी ऑरिन परदेशी आहेत हे मला एका मंगळवारी सकाळी, टेसाला उकडलेलं गाजर भरवताना कळलं.

फोन मी खांद्याने कानाशी दाबून धरला होता. पलीकडे ओटावाच्या सरकारी ऑफिसातून सोलांज नावाच्या बाई बोलत होत्या. त्यांचा आवाज इतका गोड, की नकार मिळतोय की आशीर्वाद, हे कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागायचं.

"मॅडम, तुमच्या अर्जात मुख्य कलाकार म्हणून जे वयस्कर गृहस्थ आहेत ना, त्यांच्यापुढे मी 'परदेशी कलाकार' असं लिहिलंय. चालेल ना?"

"कोण परदेशी?"

"मिस्टर ऑरिन. जन्म मेन राज्यात, पासपोर्ट अमेरिकन. तुमचंही तसंच दिसतंय, मॅडम. आणि कॅमेरामनचंही."

टेसाने नेमकी हीच वेळ साधून तोंडातलं गाजर अर्जाच्या तिसऱ्या पानावर उडवलं. आठ महिन्यांच्या मुलीला राजकारण कळत नाही म्हणतात. मला शंका आहे.

ग्रँपी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, कोल्बीचे, आजोबा. वय ब्याऐंशी. हेरिंग पकडायचं कुंपण कसं बांधतात, हे आमच्या बेटावर हाताने जाणणारे आता ते एकटेच. समुद्रात मेखा ठोकायच्या, त्यांना जाळं लावायचं. भरतीबरोबर मासळी आत शिरते आणि बाहेरची वाट विसरते. मी त्यांची अर्ध्या तासाची फिल्म करायला घेतली ती टेसासाठी. ती दहा वर्षांची होईल तेव्हा ग्रँपी ब्याण्णव वर्षांचे असतील, किंवा नसतील. तिला हा खरखरीत आवाज ऐकता यावा, जाळ्याच्या लाकडी सुईवर चालणारी ती बोटं दिसावीत, एवढंच मनात होतं. पहिला कच्चा तुकडा मी नुसता गंमत म्हणून हॅलिफॅक्सच्या एका छोट्या ऑनलाइन वाहिनीला पाठवला, तर त्यांना तो भलताच आवडला. ते म्हणाले, नीट चित्रीकरण करा, आम्ही घेतो. फक्त फिल्म कॅनेडियन असल्याचं प्रमाणपत्र लागेल. नेटवर दाखवणाऱ्यांनी इतकं इतकं देशी दाखवलंच पाहिजे असा नियम झालाय म्हणे. ऑक्टोबर संपायच्या आत तेवढा कागद आणा.

मला वाटलं, हे तर सोपंच! धुकं आहे, लॉबस्टरचे पिंजरे आहेत, अंगणात मेपलच्या पानाचा झेंडा आहे, आणि खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागणारा म्हातारा आहे. याहून कॅनेडियन काय असणार? साक्षात राष्ट्रीय प्राणी बीव्हर येऊन कॅमेऱ्यासमोर बसायचा राहिला होता.

"विषयाला मार्क नसतात, मॅडम," सोलांजबाई म्हणाल्या. "माणसांना असतात. दिग्दर्शक कॅनेडियन असला तर दोन, लेखक असला तर दोन. पहिल्या कलाकाराला एक, दुसऱ्याला एक. मग कॅमेरा, सजावट, संगीत, संकलन, प्रत्येकी एक. एकूण दहा. सहा मिळाले की पास."

"म्हणजे उद्या कोणी मंगळावरच्या उंटांवर फिल्म केली—"

"आणि माणसं आपली असली, तर दहापैकी दहा," त्या उत्साहाने म्हणाल्या.

"आणि आमची?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "शून्य," त्या इतक्या हळुवारपणे म्हणाल्या, की मी सवयीने 'थँक यू' म्हटलं.

यात चूक आमचीच होती, आणि ती आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमलीही नसती. कँपोबेलो बेट कॅनडाचं, पण बेटावरून निघणारा एकुलता एक पूल उतरतो अमेरिकेत, ल्युबेकला. स्वतःच्या देशात गाडीने जायचं तर आधी परदेशात जावं लागतं. बेटावर दवाखाना नाही, त्यामुळे बायका बाळंतपणाला पलीकडे मचायसला जातात. मीही तिथलीच, कोल्बीही तिथलाच. पुढे पुलावर पासपोर्ट मागायला लागले, तेव्हा ल्युबेकचं पोस्ट ऑफिस दहा मिनिटांवर होतं आणि आपल्या सरकारचं ऑफिस दोन सीमा ओलांडून अर्ध्या दिवसावर. दूध संपलं की माणूस जवळच्या दुकानात जातो. तसे आम्ही पासपोर्टला गेलो. आईबाप कॅनेडियन, म्हणजे आम्हीही कायद्याने कॅनेडियनच. पण तसा दाखला काढावा लागतो, हे कोणाला सुचलंच नाही. आपण स्वतःच्या घरात राहतो याचा दाखला कोण काढतो?

ही गोष्ट ग्रँपींच्या कानावर घालायची नाही असं मी आणि कोल्बीने ठरवलं. ठरवताना खिडकी उघडी होती, आणि खिडकीखाली व्हर्ना आत्या बीट उपटत होत्या. व्हर्ना आत्या ग्रँपींची सात वर्षांनी धाकटी बहीण. शेजारीच राहतात, चर्चमध्ये पायपेटी वाजवतात आणि उरलेल्या वेळात ग्रँपींच्या चुका काढतात. मी टेसाला घेऊन मासळीच्या शेडमध्ये पोचेपर्यंत सगळं सांगून झालं होतं.

"यँकी!" आत्या म्हणत होत्या. "अरे, ब्याऐंशी वर्षं मी एका यँकीबरोबर जेवतेय!"

"तू पंचाहत्तर वर्षांची आहेस," ग्रँपी जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले.

"तू पहिला, म्हणून लाडका! तुझ्या वेळी आईला बोटीत घालून ल्युबेकला नेलं, डॉक्टर काय, नर्स काय! मी तिसरी. बर्फाचं वादळ होतं, मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलं. पण चर्चच्या वहीत लिहिलंय बघ, 'जन्म, याच बेटावर.' आहे तुझं कुठे लिहिलेलं?"

ग्रँपी माझ्याकडे वळले. "खरं का गं, ब्रिन? कागदावर मी परदेशी आहे?"

"तो नुसता एक रकाना आहे हो, ग्रँपी."

त्यांनी सुई हळूच फळीवर ठेवली आणि हात विजारीला पुसले. "मग मी कॅमेऱ्यासमोर नाही बसायचा. नको रागावूस. पण या पोरीने मोठेपणी बघायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, परदेशी. नाही. माझं नाव जसं आहे तसं लिहितील तेव्हा सांग."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वर माझी माफीही मागितली.

बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेटावर गेली आणि सल्ले यायला लागले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, पंतप्रधानांना पत्र लिही, पण निळ्या शाईने. बर्फाच्या कारखान्यातला लॉइड म्हणाला, लॉबस्टरला मार्क मागून बघ, तो तर इथलाच जन्मलाय. एकाने सुचवलं की ग्रँपींना 'सजावट' म्हणून दाखव, म्हणजे प्रश्नच मिटला. चार जण मात्र गंभीर चेहऱ्याने आले, दार लावून घेतलं आणि विचारलं, "आमचंही बघतेस का जरा?" तेही मचायसचेच.

शेवटी ठरलं की सेंट जॉनला ऑफिसात जाऊन ग्रँपींच्या दाखल्याचा अर्ज द्यायचा. उन्हाळ्यातली फेरीबोट बंद झाली होती, म्हणजे रस्त्याने जायचं: घरातून अमेरिका, अमेरिकेतून कॅनडा. गाडीत पुढे कोल्बी आणि ग्रँपी, मागे मी, टेसा आणि साक्षीदार म्हणून आत्या. आत्यांच्या मांडीवर चर्चची वही आणि वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पिशवी. रिकाम्या हाताने सरकारकडे जाऊ नये असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेने आम्हाला दोन मिनिटांत आत घेतलं. "या, काका," तिथला अधिकारी म्हणाला. तासाभराने सेंट स्टीफनच्या नाक्यावर आमच्याच देशाची एक तरुण अधिकारी खिडकीत वाकली. तिने ग्रँपींचा निळा पासपोर्ट उलगडला.

"वेलकम टू कॅनडा, सर. किती दिवस राहणार?"

"ब्याऐंशी वर्षं झाली," ग्रँपी म्हणाले. "पुढचं अजून ठरवलं नाही."

कोल्बीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"येण्याचं कारण?"

"मी इथलाच आहे हे सांगायला चाललोय."

"कोणाला सांगायला?"

"तसं बघितलं तर, तुम्हालाच."

तिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पुढची चाळीस मिनिटं शेवाळाच्या पिशवीची तपासणी झाली. एक जण म्हणाला हे वनस्पतीत येतं, दुसरा म्हणाला मासळीत. तिसऱ्याने खाऊन पाहिलं आणि म्हणाला, माझी आजी असंच करायची. त्यावर आत्यांनी त्याला अर्धी पिशवी दिली आणि त्याच्या आजीच्या माहेरचं नाव काढून घेतलं. टेसाने या सगळ्या वेळात बूट काढून पायाचा अंगठा तोंडात घातला. माझ्यापेक्षा तिचं बरं होतं. आम्ही कुठल्या देशातून कुठल्या देशात जातोय हे मला विचारलं असतं, तर तिथे मी चुकीचंच उत्तर दिलं असतं.

सेंट जॉनच्या खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. ग्रँपींचे वडील कॅनेडियन होते याला पुरावा म्हणून चर्चची वही त्यांनी मानली. पण त्यांचा मुलगा म्हणजे हाच, याला साक्ष हवी होती. आत्या पुढे सरसावल्या.

"हे तुमचे सख्खे भाऊ?"

"दुर्दैवाने."

"यांचा जन्म झाला तेव्हा तुम्ही हजर होतात?"

"मी सात वर्षांनी धाकटी आहे, साहेब!"

"मग हे तेच बाळ कशावरून?"

आत्यांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पंचाहत्तर वर्षं हा मला भरतीच्या वेळा समजावून सांगतोय. मला त्या पाठ आहेत, तरी सांगतो. असं दुसरं कोणाचं बाळ वागेल का?"

शपथपत्रात हे जसंच्या तसं गेलं. पावती मिळाली. दाखल्याला आठ महिने.

आठ महिने! ऑक्टोबर संपायला तीन आठवडे होते. मी पार्किंगमधूनच सोलांजबाईंना फोन लावला. टेसा भुकेने रडत होती, तिच्या मागोमाग मीही रडले असते, पण दोघींचं एकदम परवडणारं नव्हतं. सोलांजबाईंनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "मॅडम, पावतीवर मार्क देता येत नाहीत. पण रकाना बदलता येतो. 'कॅनेडियन, दाखला प्रतीक्षेत.' असं चालेल का त्यांना?"

ग्रँपींनी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. "प्रतीक्षेत," ते म्हणाले. "बोटीची वाट बघण्यातच जन्म गेलाय माझा. चालेल. बसतो मी."

ग्रँपी बसले, पण मार्क अजून शून्यावरच होते. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, टेसा झोपल्याच्या चाळीस मिनिटांत, मी कागद घेऊन बसले. ज्याच्याकडे खरा कागद आहे असं बेटावर कोण? व्हर्ना आत्या. फिल्ममधली अर्धी वाक्यं त्यांनीच मध्ये तोंड घालून म्हटलेली, तेव्हा लेखिका त्याच: दोन. पायपेटीचं संगीत: एक. टेसा! बर्फाच्या दिवसांत माझ्या बाळंतपणात गुंतागुंत झाली म्हणून मला रुग्णवाहिकेतून सेंट जॉनला नेलं होतं, आणि तिथे टेसा झाली. त्या प्रवासाला मी आठ महिने शिव्या दिल्या होत्या. आता तिचा जन्मदाखला काढून मी त्याचा मुका घेतला. ग्रँपींच्या मांडीवर बसून ती सुई चघळते, म्हणजे दुसरी मुख्य कलाकार: एक.

"भूमिका अगदी लहान नाही ना?" सोलांजबाईंनी विचारलं.

"दोनदा तिच्यामुळे चित्रीकरण थांबलंय."

"मग मुख्यच," त्या म्हणाल्या.

झाले चार. उरले दोन, आणि दोन मार्क फक्त दिग्दर्शकालाच होते. दिग्दर्शक मी होते. म्हणजे आदल्या मंगळवारपर्यंत.

बेटावर आणखी एकाच माणसाकडे कागद होता. ड्वाइट. निवृत्त होऊन टेक्सासहून आलेला, सहा फूट चार इंच उंच. दोन वर्षांपूर्वी त्याने रीतसर परीक्षा देऊन नागरिकत्व घेतलं. तो दाखला त्याच्या शेगडीच्या वर सोनेरी चौकटीत लावलेला आहे, आणि त्यावर खास छोटा दिवा आहे. मी टेसाला कडेवर घेऊन त्याच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "ड्वाइट, तुमचं नुसतं नाव हवंय."

त्याने हॅट काढली. "मॅम, मी कॅनडाच्या राजाच्या नावाने शपथ घेतलीय. खोट्या कागदावर सही नाही करणार. नाव द्यायचं तर काम करीन."

"तुम्हाला दिग्दर्शन येतं?"

"गुरं हाकता येतात."

झालं. पुढच्या शनिवारी शेडमध्ये आमच्या अस्सल कॅनेडियन फिल्मचं दिग्दर्शन टेक्सासने सुरू केलं. ड्वाइट छाती भरून "ॲक्शन!" ओरडला. छपरावरचे सगळे सीगल उडाले, टेसा रडायला लागली, ग्रँपींनी सुई थांबवून विचारलं, "कोण हरवलंय?"

"ग्रँपी, तुम्ही चालू ठेवा," मी म्हटलं.

"हिचं ऐकायचं का त्याचं?"

"त्यांचं," मी म्हटलं, आणि ड्वाइटच्या कानात पुटपुटले, "सांगा, मेख कशी निवडतात ते."

"मेख कशी निवडतात ते सांगा, सर!"

"हिने आत्ताच विचारलं की ते!"

दिवसभर हे असं चाललं. मी पुटपुटायची, ड्वाइट गर्जना करायचा, आत्या मध्ये तोंड घालून लेखन करायच्या. खरं सांगायचं तर मला राग येत होता. फिल्म माझी, कल्पना माझी, आणि मी मात्र जाळ्यांच्या ढिगामागे लपून दुसऱ्याच्या कानात बोलणारी. शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव कुठे येतंय म्हणून पाहिलं, तर 'विशेष आभार'मध्ये, बर्फाच्या कारखान्यातल्या लॉइडच्या खाली.

"अगं, आलंय की नाव," कोल्बी म्हणाला.

"बर्फाच्या खाली आलंय."

"माझं तर आलेलंच नाही." तो कॅमेरामन होता.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला प्रमाणपत्र आलं. दहापैकी सहा. काठावर पास. मी ते फ्रिजवर चिकटवलं, आणि ग्रँपी येता-जाता तिथे थांबून दूध काढल्यासारखं करायला लागले. त्यांच्या नावापुढचं 'प्रतीक्षेत' त्यांनी बोटाने झाकून वाचलेलं मी एकदा पाहिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला, फिल्म वाहिनीवर येणार होती. चर्चच्या हॉलमध्ये पडदा लावला. अर्धं बेट आलं. आदल्या दिवशीच्या उरलेल्या बीन्स, ब्राऊन ब्रेड, ब्लूबेरीचे तीन प्रकार. ग्रँपी कोट घालून पहिल्या रांगेत. ड्वाइटने दिग्दर्शक म्हणून चार वाक्यं बोलायची होती, ती तो चौदा वाक्यं बोलला. दोनला कोल्बीने बटण दाबलं.

पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं उमटली: 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.'

हॉलमध्ये फक्त पायपेटीची हवा निघाल्याचा आवाज आला. मी हॅलिफॅक्सला फोन केला. तिथल्या मुलीने काहीतरी टाइप केलं. "तुमचं नेट मेनमधून येतंय," ती म्हणाली. "आमच्या दृष्टीने तुम्ही अमेरिकेत बसलाय. आणि आम्हाला दाखवायची परवानगी फक्त कॅनडात आहे. सॉरी."

"पण फिल्म याच हॉलच्या मागच्या शेडमध्ये झालीय!"

"सॉरी," ती पुन्हा म्हणाली, आणि मीही तिला "सॉरी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्रँपींकडे पाहायचं टाळत होते. तेवढ्यात खुर्ची सरकली. ग्रँपी उठले, खुर्चीला 'सॉरी' म्हणाले आणि कोट न काढताच रबरी बूट चढवायला लागले.

"कुठे निघालात?"

"कॅनडात," ते म्हणाले. "चला, भरती सुरू आहे."

त्यांच्या बोटीत आम्ही सहा जण मावलो: ग्रँपी सुकाणूवर, कोल्बी, ड्वाइट, आत्या, मी, आणि नारिंगी लाइफ जॅकेटमध्ये फुगलेली टेसा. मागे आणखी चार बोटी निघाल्या. समोरच्या, कॅनडाच्याच डिअर बेटाच्या दिशेने खाडीच्या मध्यापर्यंत गेल्यावर कोल्बीचा फोन वाजला. आपल्याकडच्या मोबाइलच्या मनोऱ्याने त्याला ओळखलं होतं. मी घाईने वाहिनी लावली. ग्रँपींचा आवाज आला, जाळं दिसलं, आणि पडद्यावरची टेसा सुई चघळायला लागली. मांडीवरच्या टेसाने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

तीन मिनिटांनी चित्र थांबलं. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही.'

"पाणी ओढतंय आपल्याला," कोल्बी म्हणाला.

"माहीत आहे मला," ग्रँपी म्हणाले. त्यांनी इंजिनाला हलकेच जोर दिला, नाक वळवलं, पंचवीस-तीस यार्ड मागे आणलं, आणि चित्र चालू झालं. "साठ वर्षं पिंजरे टाकतोय इथे. अमेरिकेच्या बाजूला एक पिंजरा गेला तर दंड होतो. दीपगृहाच्या मागे चर्चचं शिखर लपलं की कॅनडा. शिखर दिसायला लागलं की नाही."

भरती जोरात होती. आमच्या खाडीत ती नदीसारखी वाहते. दर मिनिटाला बोट त्या बाजूला सरकायची आणि ते तिला इंचाइंचाने परत आणायचे. पडद्यावर ते मेखांबद्दल बोलत होते, आत्या मध्ये तोंड घालत होत्या, बोटीतल्या आत्या पडद्यावरच्या आत्यांना "बरोबर!" म्हणत होत्या. ड्वाइट डोळे पुसत होता. चित्र त्यानंतर एकदाही थांबलं नाही.

"ग्रँपी, बघा ना, तुम्ही आलात!" मी फोन त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. त्यांची नजर दीपगृहावर होती.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी आपल्याला इकडे धरून ठेवलंय."